बिगेलोच्या सहा तोफा : बॉस्टनहून गेटिसबर्ग

गुरुवार : बॉस्टन, प्रॉव्हिडन्स, एडिसन

ऑक्टोबरात अमेरिकेला आलेल्या माणसाने झाडांची रंगीत पानं बघावीत असा इथला दंडक आहे. मी जावईबापूंना, म्हणजे प्रसादला, फोनवरच सांगून ठेवलं होतं, पानं रस्त्यात दिसतीलच, मला गेटिसबर्गला न्या. त्यांनी गुरुवार-शुक्रवारची रजा टाकली, मुलीने मेथीचे ठेपले बांधून दिले, आणि मी, सौ. आणि प्रसाद असे आम्ही तिघं सकाळी निघालो.

आयुष्य तोफखान्यात गेलं. निवृत्तीनंतर देवळालीतच घर बांधलं, त्यामुळे रेंजवर फायरिंग सुरू झालं की आमच्या खिडक्यांची तावदानं आजही थरथरतात. अमेरिकन यादवी युद्धाबद्दल मी वाचू लागलो तो तोफांपायीच. १८६१ ते १८६५ असं चार वर्षं चाललेलं, उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं यांच्यात गुलामगिरीवरून पेटलेलं हे युद्ध. सहा लाखांहून जास्त माणसं त्यात गेली. या एवढ्या पसाऱ्यात माझं मन अडकलं ते सहा तोफांच्या एका छोट्या तुकडीत : नववी मॅसॅच्युसेट्स बॅटरी. राष्ट्राध्यक्ष लिंकनने १८६२ च्या उन्हाळ्यात उत्तरेच्या फौजेसाठी तीन लाख स्वयंसेवक मागितले, तेव्हा बॉस्टनच्या आसपासच्या पोरांनी नावं नोंदवली आणि ही बॅटरी उभी राहिली. नेहमीच्या फौजेचा वारा न लागलेली ही माणसं. जुलै १८६३ मधली गेटिसबर्ग ही त्यांची पहिली लढाई. तिथे सहापैकी चार तोफा शत्रूच्या हाती गेल्या, आणि तरीही बॅटरीचं नाव झालं.

तोफखान्यातल्या माणसाला हे पचत नाही. पायदळाच्या पलटणीला निशाण असतं, आमचं निशाण म्हणजे तोफच. ती सोडून आलेल्याची वाहवा कशी होते, हे मला जागेवर उभं राहून समजून घ्यायचं होतं.

वाटेत प्रॉव्हिडन्सला थांबलो. ऱ्होड आयलंडच्या विधानभवनात ‘गेटिसबर्ग गन’ ठेवली आहे. तीही स्वयंसेवकांचीच, पहिल्या ऱ्होड आयलंड लाइट आर्टिलरीच्या ‘बी’ बॅटरीची. ३ जुलै १८६३ ला तोफ भरत असताना दक्षिणेकडून आलेला गोळा थेट तिच्या तोंडावर आदळून फुटला. ठासणारा विल्यम जोन्स जागच्या जागी गेला. गोळा आत सारणाऱ्या आल्फ्रेड गार्डनरचा हात खांद्यापासून तुटला आणि तोही थोड्याच वेळात गेला. उरलेल्यांनी तोच गोळा कुऱ्हाडीच्या घावांनी आत ठोकायचा प्रयत्न केला. तोंड चेपलेलं, गोळा अर्ध्यात अडकला. तोफ थंड झाली तशी धातूने त्याला कायमचा धरून ठेवला. आजही तो तोंडात दिसतो.

पुढची गोष्ट ऐकून मला घाम फुटला. आतली दारू कुणी काढलीच नव्हती. ती काढली १९६२ साली, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं ही भरलेली तोफ लोकांमध्ये मिरवत होती. आमच्याकडे फायरिंग संपल्यावर तोफ रिकामी असल्याची खात्री केल्याशिवाय कुणी चहालाही हलत नाही. मी हे पहारेकऱ्याला सांगितलं. तो हसून म्हणाला, तुमच्यासारखं बोलणारे बरेच येतात.

संध्याकाळी एडिसनला प्रसादच्या मित्राकडे मुक्काम. जेवताना विषय निघाला, या युद्धाशी आपला काय संबंध? आहे की. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडातल्या लँकेशरच्या गिरण्यांचा अमेरिकन कापूस तुटला आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा वाहायला लागला, रोज नव्या कंपन्या, नवे शेअर, समुद्र बुजवायच्या योजना. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला. त्या सट्ट्याचा बादशहा प्रेमचंद रायचंद. त्याने दिलेल्या पैशातूनच राजाबाई टॉवर उभा राहिला. गेटिसबर्गला तोफा धडधडत होत्या तेव्हा आपल्याकडे कुणाची तरी माडी चढत होती.

शुक्रवार : गेटिसबर्ग

साडेतीन तासांचा रस्ता, पेनसिल्व्हेनियात शिरल्यावर लाल कोठारं आणि मक्याची कापलेली शेतं. गाव लहान आहे. दहा रस्ते इथे येऊन मिळतात, म्हणूनच दोन फौजा इथे येऊन भिडल्या.

दुपार म्युझियममध्ये गेली. तिथलं सायक्लोरामा चित्र गोल दालनाच्या भिंतीभर पसरलंय, ३७७ फूट लांब आणि ४२ फूट उंच. फ्रेंच चित्रकार फिलिपोतोने ते १८८४ मध्ये बॉस्टनमध्ये दाखवण्यासाठी केलं होतं. सौ. या चित्रासमोरून हलायला तयार नव्हती. मी मात्र खाली नेपोलियन तोफेपाशी जास्त रमलो.

बारा पौंडी नेपोलियन, मॉडेल १८५७. नाव फ्रान्सच्या तिसऱ्या नेपोलियनवरून पडलेलं. तांब्या-कथलाच्या मिश्रधातूची ओतीव, आतून गुळगुळीत, नळीचं वजन साडेपाचशे किलोच्या घरात. गोळा दीड किलोमीटरपर्यंत जातो. पण शत्रू तीनशे-साडेतीनशे मीटरवर आला की गोळा बाजूला ठेवायचा आणि कॅनिस्टर घ्यायचा : पत्र्याचा डबा, आत २७ लोखंडी गोळ्या. तोंडातून बाहेर पडताच डबा फाटतो आणि समोरच्या रांगेवर लोखंड शिंपडलं जातं.

एका तोफेमागे सहा घोडे. तोफ आणि घोडे यांच्यामध्ये लिंबर, म्हणजे दोन चाकांचा गाडा, त्यावर दारूगोळ्याची पेटी. शिवाय जादा दारूगोळ्याचा वेगळा गाडा, त्याला आणखी सहा घोडे. अशा सहा तोफांची एक बॅटरी. तोफेवर माणसं ठरलेल्या आकड्यांची. एक नंबर नळी पुसतो आणि ठासतो, दोन नंबर गोळा तोंडात घालतो, तीन नंबर बत्तीचं भोक अंगठ्याने दाबून धरतो, चार नंबर दोरी ओढून बार काढतो, बाकीचे पेटीपासून गोळे आणतात. आमच्याकडे नंबर वन म्हणजे तोफेचा मालक, हवालदार, सगळ्यांवर ओरडणारा. यांचा नंबर एक ठासणारा, सगळ्यात आधी मरणारा. बाकी मांडणी ओळखीची वाटली. पुसताना तीन नंबरचा अंगठा सरकला तर नळीत हवा शिरते, उरलेली ठिणगी पेटते आणि पुढचा बार ठासणाऱ्याच्या हातातच उडतो. हे पुस्तक वाचून येत नाही. हजार वेळा करून अंगात मुरावं लागतं.

आता आमची बॅटरी. सुरुवात चांगली नव्हती. पहिला कॅप्टन डी वेची १८६३ च्या सुरुवातीला पायउतार झाला, शिस्त ढिली, माणसं कंटाळलेली. सगळा हिवाळा वॉशिंग्टनच्या भोवतीच्या किल्ल्यांत बसून काढलेला. फेब्रुवारीत आला जॉन बिगेलो. वय बावीसच्या आत-बाहेर, हार्वर्डचा १८६१ चा पदवीधर, आधी माल्व्हर्न हिलच्या लढाईत जखमी झालेला. आल्या आल्या त्याने कवायत लावली. जुंपा, सोडा, तोफ लावा, भरा, पुसा, पुन्हा जुंपा. घोडे चमकले पाहिजेत, कातड्याचा साज चमकला पाहिजे. स्वयंसेवक म्हणून आलेल्या मोकळ्या पोरांना हा उद्धट श्रीमंत पोरगा डोक्यात जात असणार. स्वयंसेवकाला लढाई हवी असते, घोड्याचा खरारा नको असतो. मीही भरती झालो तेव्हा हेच वाटलं होतं.

संध्याकाळी गावात फिरलो. भुताच्या सहलींच्या पाट्या जिकडे तिकडे. प्रसादला हौस होती, आम्ही नाही म्हणालो.

शनिवार : व्हीटफील्ड रोड ते ट्रॉसलचं शेत

इथे परवानाधारक मार्गदर्शक मिळतात. ते आपलीच गाडी चालवतात आणि बोलत जातात. १९१५ पासून ही पद्धत आहे. आम्हाला मिळालेल्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या. मला फक्त नववी बॅटरी बघायची आहे म्हटल्यावर त्यांनी मागे वळून नीट बघितलं आणि विचारलं, “तोफखाना?” मी मान हलवली. मग सगळे बघतात ती पिकेटची चढाई, म्हणजे ३ जुलैचा दक्षिणेचा शेवटचा मोठा हल्ला, बाजूलाच राहिली.

पीच ऑर्चर्डपाशी उतरलो. खरंच पीचची बाग आहे, पुन्हा लावलेली. जमीन थोडी उंचावलेली, चारही बाजूंनी उघडी. २ जुलैला उत्तरेच्या फौजेतल्या तिसऱ्या कोअरचा जनरल डॅन सिकल्स हुकूम नसताना आपली सगळी फौज मूळ ओळीतून पुढे काढून इथे घेऊन आला. ओळ लांबली, कोपरा बाहेर आला, माणसं पुरेनात. ती फट बुजवायला तोफखान्याच्या राखीव दलातून बॅटऱ्या धावल्या. त्यांचा म्होरक्या लेफ्टनंट कर्नल फ्रीमन मॅकगिल्व्हरी, मेन राज्यातला, पूर्वी जहाजाचा कप्तान. बिगेलोची बॅटरी व्हीटफील्ड रोडवर लागली. शंभराच्या वर माणसं, ८८ घोडे.

तिथे त्यांचं स्मारक आहे आणि शेजारी नेपोलियन तोफा. मी एकीच्या तोंडाजवळ वाकलो. कडेवर ओतशाळेचं नाव, साल, पौंडातलं वजन आणि तपासनिसाची आद्याक्षरं कोरलेली असतात. हात फिरवला. हिरवा गंज आणि खाली थंड, गुळगुळीत कड. सव्वाशे-दीडशे वर्षं ऊनपाऊस खाऊनही आतल्या नळीची गोलाई डोळ्याला कुठे चुकलेली दिसत नाही. ओतकाम करणाऱ्याला मनातल्या मनात सलाम ठोकला.

बाईंनी दक्षिणेला हात केला. रोझ कुटुंबाच्या शेतातून दक्षिणेच्या जनरल कर्शॉचे साउथ कॅरोलायनावाले चालून आले. त्यातले काही या तोफांवरच वळले. ऐन वेळी चुकीचा हुकूम पोहोचला आणि ते उजवीकडे फिरले, म्हणजे तोफांना आडवी कूस देऊन. उघड्या शेतात, कॅनिस्टरच्या टप्प्यात. पुढे काय झालं असेल ते कुठल्याही तोपचीला सांगायला नको. बॅटरीने त्या दिवशी सुमारे तीन टन दारूगोळा उडवला, त्यात कॅनिस्टरचे ९२ डबे. २७ ने गुणा, अडीच हजारांच्या आसपास गोळ्या होतात.

मग दक्षिणेच्याच बार्क्सडेलच्या मिसिसिपी ब्रिगेडने पीच ऑर्चर्ड फोडलं. पायदळ मागे पळालं, शेजारच्या बॅटऱ्या जुंपून निघाल्या. बिगेलोला उशीर झाला होता. जुंपायला थांबला असता तर त्या मिनिटभरात घोडे आणि माणसं टिपली गेली असती. त्याने प्रोलाँज लावायला सांगितलं. प्रोलाँज म्हणजे जाड दोर. एक टोक तोफेच्या शेपटाला, दुसरं लिंबरला. बार उडाला की धक्क्याने तोफ आपणच मागे येते, दोर ढिला पडतो, घोडे तेवढे पुढे सरतात, तोफ भरली की पुन्हा बार. अडलेलं वासरू दाव्याने ओढत न्यावं तशी तोफ शत्रूकडे तोंड ठेवून मागे मागे येते.

हे मी पुस्तकात वाचलं होतं. पण तिथून ट्रॉसलच्या शेतापर्यंत चालत गेलो तेव्हा कळलं. अंतर साडेतीनशे-चारशे मीटर. जमीन सपाट नाही, मध्ये उंचवटे, दगड, गवतात लपलेले खड्डे. मला रिकाम्या हाताने काठी टेकत चालताना दम लागला. या पोरांनी सहा तोफा, शेकडो किलोचं धूड, एका बाजूला कर्शॉ आणि दुसऱ्या बाजूला मिसिसिपीवाले असताना, भरत आणि उडवत इथून नेल्या. शिवाय ही त्यांची पहिली लढाई. बाई म्हणाल्या, हे करायला शूर असून भागत नाही. मी म्हटलं, खराऱ्याचं काम आहे हे. त्यांना कळलं नाही, प्रसादने इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला तेव्हा त्या मोठ्याने हसल्या.

ट्रॉसलच्या शेताच्या कोपऱ्यात दगडी कुंपण, त्यात एक फाटक. इथवर आलं की सुटलो, असं बिगेलोला वाटलं असेल. तेवढ्यात मॅकगिल्व्हरी आला. मागे प्लम रनच्या ओढ्यापलीकडे जवळजवळ पाऊण मैलभर ओळ रिकामी होती. तिथे तोफा गोळा करून लावायला त्याला वेळ हवा होता. त्याने सांगितलं, वाटेल ते होवो, इथे थांबायचं.

माझ्या प्रश्नाचं उत्तर या कोपऱ्यात मिळालं. बिगेलोने तोफा गमावल्या नाहीत, त्या खर्चायचा त्याला हुकूम होता. आमच्यात तोफेसाठी माणूस मरतो, असं शिकवतात. इथे वेळेसाठी तोफ आणि माणूस दोन्ही लावले. अर्ध्या तासाच्या आसपास वेळ विकत घेतला.

दारूगोळा पेट्यांतून काढून तोफांशेजारी जमिनीवर रचला. मागे भिंत, म्हणजे तोफेला मागे सरकायलाही जागा नाही. बार्क्सडेलच्या ब्रिगेडमधली हम्फ्रीजची पलटण, एकविसावी मिसिसिपी, अंगावर आली. कॅनिस्टर संपले तसे उरलेले गोळे. मिसिसिपीवाले लिंबरवर चढून वरून गोळ्या घालत होते आणि खालची माणसं तरी तोफ भरत होती. लेफ्टनंट एरिकसन आधीच छातीत गोळी लागलेला, तरी तोफांपाशी राहिला आणि तिथेच पडला. लेफ्टनंट व्हिटेकर घायाळ झाला, पुढे जखमेनेच गेला. लेफ्टनंट मिल्टनची दोन तोफांची तुकडी काढून घ्यायचा हुकूम झाला. एक तोफ फाटकातून वळताना उलटली, पोरांनी ती गोळ्यांच्या पावसात सरळ करून नेली. दुसरी कुंपणाचे वरचे दगड पाडून घोड्यांनी भिंतीवरूनच नेली.

ती भिंत आता कमरेएवढी. मी तिच्यावर हात टेकून उभा राहिलो आणि विचार केला, आमच्या काळात एवढ्या उंचीवरून तोफ न्यायची तर अर्धा दिवस गेला असता.

बिगेलोलाही दोन गोळ्या लागून तो घोड्यावरून पडला. त्याने बिगुलवाल्याला, चार्ल्स रीडला, निघून जायला सांगितलं. रीडने ऐकलं नाही. कॅप्टनला घोड्यावर बसवून तो लगाम धरून निघाला. जखमेमुळे घोडा दौडवणं शक्य नव्हतं, म्हणून पावलापावलाने. पुढ्यात मॅकगिल्व्हरीने नव्याने लावलेल्या तोफा, त्यात सहावी मेन बॅटरी, बार टाकायला तयार. दोन्ही बाजूंच्या मधून हे दोघं चालत गेले आणि आपल्याच तोफांच्या फटीतून पलीकडे निघाले. रीडला १८९५ मध्ये मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळालं. तो चित्रकार होता, युद्धभर वहीत रेखाटनं करायचा. ती आज लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. चहाची किटली, घोड्यांची रांग, झोपलेली पोरं. छावणी कशी असते हे त्याच्याइतकं कुणी दाखवलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

हिशेब : ८ ठार, १८ जखमी, २ बेपत्ता. ८८ पैकी ८० घोडे मेले किंवा निकामी झाले. चार तोफा शत्रूने घेतल्या खऱ्या, पण ओढून न्यायला घोडेच उरले नव्हते. त्याच संध्याकाळी त्या परत मिळाल्या.

ट्रॉसलचं विटांचं कोठार अजून उभं आहे, वरच्या बाजूला गोळ्याने पडलेलं भोक तसंच ठेवलंय. लढाईनंतर काही दिवसांनी छायाचित्रकार टिमथी ओसुलिव्हनने इथे काढलेला फोटो मी आधीपासून जवळ ठेवला होता. घरासमोर, कुंपणाला लागून मेलेले घोडे, साज अजून अंगावर. फोटो धरून घराकडे बघितलं की कोन बरोबर जुळतो. कॅथरिन ट्रॉसल नऊ पोरांना घेऊन पळाली होती. परत आली ती या अंगणात. सौ. त्या फोटोकडे बघत राहिली, मग म्हणाली, “आणि हे सगळं काढलं कुणी? तिनेच ना?” पुरुषमाणसांनी लिहिलेल्या इतिहासात या प्रश्नाला एक ओळ मिळते.

रविवार : झीग्लर्स ग्रोव्ह, सिल्व्हर स्प्रिंग

सकाळी झीग्लर्स ग्रोव्हला गेलो. मिल्टनच्या वाचलेल्या दोन तोफा ३ जुलैला इथे लढल्या. या बॅटरीची गेटिसबर्गमध्ये तीन स्मारकं आहेत, पैकी एक इथे. रात्री न झोपलेली, चौथा हिस्सा सोबती गमावलेली ती माणसं सकाळी पुन्हा तोफेला उभी राहिली. राष्ट्रीय दफनभूमीत थोडं चाललो. लिंकनने नोव्हेंबर १८६३ मध्ये भाषण केलं ती ही जागा, पण तिथे सहलीच्या दोन बसगाड्या आलेल्या, फार थांबलो नाही.

परतीला वॉशिंग्टनच्या बाजूने वळसा घातला, कारण सिल्व्हर स्प्रिंगच्या वैद्यकीय संग्रहालयात सिकल्सचा पाय आहे. ट्रॉसलच्या कोठाराजवळ असताना त्याला गोळा लागला, पाय कापला गेला. सिकल्सने तो फेकू दिला नाही, संग्रहालयाला पाठवला, आणि पुढे तो बघायलाही जात असे. काचेमागे पिवळटलेली हाडं आणि शेजारी बारा पौंडी गोळा. या बाबाचं एकेक नवल. १८५९ मध्ये बायकोच्या प्रियकराला भर रस्त्यात गोळ्या घालून ‘तात्पुरतं वेड’ या बचावावर सुटलेला. आणि गेटिसबर्गचं राष्ट्रीय उद्यान करणारा कायदा काँग्रेसमध्ये आणणारा माणूसही तोच.

बेल्टवेवर ट्रॅफिकमध्ये प्रसादने वाद काढला. त्याचं म्हणणं, सिकल्सचं चुकलं कुठे? मूळ ओळ खोलगट जागेत होती, पीच ऑर्चर्ड उंचावर. ती शत्रूला सोडली असती तर त्यांनी तिथे तोफा आणून ओळ भाजून काढली असती. शिवाय सिकल्समुळेच बार्क्सडेलला रस्त्यातच धाप लागली.

मी म्हटलं, बापू, उंच जागा घ्यावी हे खरं. पण आपल्या दोन्ही बाजू मोकळ्या टाकून, वरिष्ठाला न विचारता नव्हे. त्याने काढलेली फट बुजवायला ज्या बॅटऱ्या धावल्या त्यांना पायदळाचा आधारही उरला नाही. बिगेलोची पोरं पहिल्याच लढाईत कापली गेली ती त्यामुळे. आणि पीच ऑर्चर्ड शेवटी शत्रूच्या हाती गेलंच. ३ जुलैला दक्षिणेच्या तोफखान्याच्या पोर्टर अलेक्झांडरने तिथे तोफांची रांग लावली, दुपारभर आग ओकली, आणि तरीही दक्षिणेची चढाई मोडली.

प्रसाद म्हणाला, तो दारूगोळा संपल्यामुळे. ते मात्र खरं आहे.